लाईट गेली आणि अ‍ॅना परत जिवंत झाली

शनिवारी संध्याकाळी सव्वासातला बेळगावच्या वडगावात लाईट गेली. यंत्रमागांचा खडखडाट एकदम तुटला आणि आमच्या कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी उन्हाळ्यातच फुगली होती, आणि ‘पुढच्या महिन्यात बदलू’ म्हणत मी तीन महिने काढले होते. अंधारात खानापूरची मुलगी माउसवरचा हात न काढता तशीच बसून राहिली. दोन मिनिटांपूर्वी तिनं गेममधल्या एका बाईला ठार केलं होतं. शेवटचा सेव्ह, म्हणजे गेम साठवून ठेवलेला क्षण, चाळीस मिनिटांपूर्वीचा होता, म्हणजे ती बाई आता परत जिवंत झाली होती.

हे प्रकरण त्या चाळीस मिनिटांचं आहे. बाकी जे लिहिलंय ते त्यांच्या आगेमागे काय होतं ते कळावं म्हणून.

मी टिळकवाडीत प्रोग्रॅमिंगचे क्लास घेतो. क्लासमधल्या काही पोरांना गेम बनवायचा होता, आणि शनिवारी त्यासाठी आम्ही वडगावात एका मित्राच्या मागाच्या शेडमागच्या खोलीत जमायचो. भाडं नव्हतं. मित्राच्या आज्जीला पुण्यातल्या नातवाशी व्हिडिओ कॉल लावून द्यायचा, एवढीच अट.

पोरांना कसला गेम करायचा होता? भविष्यातलं बेळगाव, निऑनचे बोर्ड, अंगात यंत्रं बसवलेली माणसं, हातात बंदूक, आणि खेळणारा जे ठरवेल त्याप्रमाणे बदलणारी गोष्ट. थोडक्यात सायबरपंक फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून बघत गोळ्या झाडायचा गेम. वडगावच्या पोरानं त्याचा आराखडा एका मोठ्या कार्डशीटवर काढून आणला होता. पहिल्या प्रसंगात तीन पर्याय, प्रत्येकातून पुढे तीन, असे पाच टप्पे. मी गुणाकार करायला सांगितला. 243 शेवट निघाले. ‘लिहिणार कोण?’ म्हटल्यावर तो म्हणाला, ‘एआय लिहील की सर.’ मी गप्प बसलो. तेव्हा माझ्याकडंही चांगलं उत्तर नव्हतं.

म्हणून ठरवलं की आधी एक गेम नीट खेळायचा आणि वहीत नोंदी करायच्या. पोरांची पहिली मागणी अर्थातच ‘सायबरपंक 2077’ची. आमच्या मशीनवर ते उघडलंही नसतं, आणि खरं सांगायचं तर मला ते नकोच होतं. 10 डिसेंबर 2020 ला आलेल्या त्या गेममध्ये सुरुवातीलाच तीन आयुष्यांपैकी एक निवडायचं असतं: भटक्यांच्या टोळीतला, रस्त्यावर वाढलेला, किंवा कंपनीतला. सुरुवातीचा थोडा वेळ वेगळा जातो आणि मग तिन्ही वाटा एकाच हमरस्त्याला लागतात. गेम देखणा आहे, पण आम्हाला जे शिकायचं होतं ते त्यात दाखवायला अवघड.

मी ‘डेउस एक्स’ निवडला. जून 2000 चा गेम. आयन स्टॉर्म कंपनीच्या ऑस्टिनच्या ऑफिसात बनलेला, दिग्दर्शक वॉरन स्पेक्टर, मुख्य डिझायनर हार्वी स्मिथ, लेखक शेल्डन पॅकॉटी. तेव्हा तो चालवायला पेंटियम 2 आणि 64 एमबी रॅम पुरायची. आमच्या जुन्या असेंबल्ड डब्यात तो आरामात पळाला. काळ 2052. ‘ग्रे डेथ’ नावाची साथ पसरली आहे, लस तुटपुंजी आहे आणि ती कुणाला मिळणार हे मोठी माणसं ठरवतात. तुम्ही जेसी डेंटन, युनॅटको ह्या संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवादविरोधी दलातले नवे एजंट. तुमचा भाऊ पॉलही त्याच दलात. समोर एनएसएफ नावाचे बंडखोर आहेत, लसीचे साठे पळवणारे.

कोण दहशतवादी आणि कोण लढवय्या हे बोलणाऱ्यावर अवलंबून असतं, हे आमच्या पोरांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. एकाच घटनेच्या दोन भाषांतल्या दोन बातम्या वाचत वाढलेली पोरं आहेत ही.

खेळणारे तिघे. नावं घालत नाही, त्यांनीच नको म्हटलं. एक उद्यमबागवाला: सव्वीस वर्षांचा, सीएनसी लेथवर शिफ्ट करणारा, बाकीचे त्याला दादा म्हणतात. दुसरा वडगावचा, कार्डशीटवाला. तिसरी खानापूरची: एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यम, पीयूसीपासून, म्हणजे अकरावीपासून, इंग्रजी, आता बीसीए. चौथा एक गोकाकचा होता, त्यानं दुसऱ्याच आठवड्यात परीक्षेचं निमित्त करून सोडलं.

नियम दोन. यूट्यूबवर बघायचं नाही. आणि सेव्ह दोनदाच, बसताना एक आणि उठताना एक. एक जण खेळताना बाकीच्यांनी बाहेर कट्ट्यावर बसायचं. आज्जीला हा नियम लागू करण्याची माझी हिंमत नव्हती. ती पानाचा डबा घेऊन आत येऊन बसायची.

सेव्हचा नियम पोरांना सगळ्यात जाचक वाटला. ह्या जातीच्या गेममध्ये एक बटण दाबलं की तो क्षण साठवला जातो आणि दुसरं दाबलं की परत मिळतो. लोक दार उघडण्याआधी साठवतात, आत मार बसला की परत येतात. वाईट काही नाही त्यात, मीही तसाच खेळलो होतो पहिल्यांदा. फक्त मग जे हातून होतं ते आपण केलं असं वाटत नाही, चाखून बघितलं असं वाटतं.

पहिले काही शनिवार लिबर्टी बेटावर गेले. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आहे, पण डोकं उडवलेलं. पॉल सुरुवातीलाच एक हत्यार निवडायला सांगतो आणि शक्यतो कुणाला मारू नको असंही सांगतो. उद्यमबागवाल्यानं रॉकेट घेतलं. दोन तास धडाधड माणसं पाडल्यावर त्यानं मला हाक मारली, ‘सर, पॉइंट का मिळेनात?’ ह्या गेममध्ये माणूस मारल्याचे पॉइंट नसतात. नवी जागा शोधली, काम पुरं केलं, तर मिळतात. त्याला ते अन्यायाचं वाटलं. ‘एवढा माल काढला, आणि पीस रेट नाही?’

वडगावच्यानं भिंतीला चिकटणारे सुरुंग एकावर एक लावून त्यांच्यावरून चढत भिंत ओलांडली. ही युक्ती गेम बनवणाऱ्यांनी ठरवून ठेवलेली नव्हती, खेळणाऱ्यांनी शोधलेली, आणि आता प्रसिद्ध आहे. त्याला ती आपसूक सुचली असं त्याचं म्हणणं. मला तेव्हाच शंका आली होती.

खानापूरची मात्र कुणालाच मारत नव्हती. शॉक देणारी काठी घेऊन मागून जायची आणि माणूस खाली पाडायची. एका पहारेकऱ्यापाशी पोचायला तिला वीस मिनिटं लागायची. तीन शनिवार असे गेले. वहीत तिच्या नावापुढे मी लिहिलं, ‘तत्त्व म्हणून न मारणारी.’ ते चुकीचं निघालं.

मोहिमेवरून मुख्यालयात परत आल्यावर सगळ्यांना एकच गोष्ट जाणवली. तिथल्या माणसांना तुम्ही काय केलंत ते माहीत असतं. हत्यारं देणारा सॅम कार्टर तुमच्या वागण्याप्रमाणे बोलतो. पॉल रागावतो किंवा शाबासकी देतो. सगळ्यात गंमत म्हणजे वडगावचा चुकून बायकांच्या स्वच्छतागृहात शिरला, तर पुढच्या भेटीत साहेबानं, मँडर्लीनं, त्यावरून त्याला समज दिली. पोरगा लाजला. खरोखर कान लाल झाले होते. शहापुरात सकाळी काही केलं की दुपारच्या आत ते वडगावात पोचलेलं असतं, तसलंच हे.

आता विमान.

लागार्डिया विमानतळावर एनएसएफचा पैसेवाला म्होरक्या हुआन लेबेडेव्ह एका 747 मध्ये आहे. विमानात चढण्याआधी पॉल भेटतो आणि सांगतो की तो स्वतःच बंडखोरांच्या बाजूला गेला आहे, लेबेडेव्हशी बोलून तरी बघ. आत गेल्यावर लेबेडेव्ह शरण येतो. हातात शस्त्र नाही. तेवढ्यात अ‍ॅना नव्हार येते, तुमचीच वरिष्ठ सहकारी, अर्ध्याहून जास्त यंत्र झालेली. ती म्हणते, मारून टाक त्याला. तू नाही मारलंस तर मी मारते.

इथं पडद्यावर ‘मारायचं की सोडायचं’ असं काही उमटत नाही. घड्याळ सुरू होत नाही, गाणं बदलत नाही. तुमच्या हातात जे आधी होतं तेच असतं: पाय, बंदूक, पिशवीतलं सामान. लेबेडेव्हला मारता येतं. नुसतं उभं राहता येतं, मग अ‍ॅना मारते. आणि तिसरं, जे गेम कुठंही सुचवत नाही: अ‍ॅनाला मारता येतं. ती तुमच्याच बाजूची आहे, आणि इतक्या वेळात बहुतेक गेमनी आपल्याला शिकवलेलं असतं की आपल्या बाजूच्यावर गोळी लागतच नाही.

आज्जी शेजारी बसून पान लावत होती. तिनं विचारलं, ‘काय म्हनतंय ते?’

मुलीनं सांगितलं, ‘मी शरण आलो म्हणतोय, आज्जी. आणि ही बाई म्हणते मार.’

‘शरण आल्यालं मानूस हाय की गं ते,’ आज्जी म्हणाली. ‘त्याला कशाला मारायचं?’ आणि चुना लावायला लागली.

पुढचं माझ्या वहीत नाही, कारण मी लिहायचं विसरलो. मुलगी दोन पावलं मागं सरली, पिशवीतून सुरुंग काढला आणि अ‍ॅनाच्या अंगावर फेकला. तीन शनिवार एकाही माणसाला न मारणारी मुलगी. स्फोट झाला. ही यांत्रिक माणसं मरताना स्वतःही फुटतात, त्यामुळे दुसरा स्फोट झाला. जेसीचे दोन्ही पाय निकामी झाले. ह्या गेममध्ये प्रत्येक अवयवाची इजा वेगळी मोजतात, पाय गेले तर रांगावं लागतं. धूर विरला तेव्हा लेबेडेव्ह जिवंत होता. ती रांगत त्याच्यापाशी गेली आणि तो बोलायला लागला. अ‍ॅना मेली तरच तो जे सांगतो ते सांगायला लागला.

एक वाक्य झालं असेल. लाईट गेली.

अंधारात पहिली आज्जीच बोलली. ‘वाचलं काय ते मानूस?’ मुलगी म्हणाली, ‘वाचला होता.’ मग मेणबत्ती आली, लाईट काही आली नाही, आणि साडेआठच्या खानापूर बससाठी ती निघाली. कट्ट्यावरच्या दोघांना तिनं काही सांगितलं नाही.

सात दिवस मध्ये गेले. ह्या सात दिवसांत मला वाटत होतं की पुढच्या वेळी काय होणार ते ठरलेलंच आहे. सरळ हिशेब होता. मारता येतं हे तिला कळलं होतं, मारल्यावर लेबेडेव्ह वाचतो हे कळलं होतं, आणि त्याचं बोलणं अर्धवट राहिलं होतं. कुणीही हेच करेल: थोडं लांबून सुरुंग टाकेल, पाय वाचवेल आणि उरलेलं ऐकेल.

ती तसं वागली नाही. पुढच्या शनिवारी तीच शिडी, तेच विमान, तीच खोली. अ‍ॅना आली, मार म्हणाली. मुलगी दाराशी उभी राहिली. हातात काठीही नव्हती, सगळं पिशवीत. अ‍ॅनानं थोडं थांबून लेबेडेव्हला मारलं. मुलीनं पाठ फिरवली नाही, बघत राहिली. आज्जी त्या दिवशी लग्नाला गेली होती.

मी विचारलं, का? नोंदीसाठी विचारायचं होतं, पण आवाजात थोडा राग होता, हे मान्य करतो. मलाही त्याचं बोलणं तिच्याबरोबर ऐकायचं होतं.

तिला उत्तर द्यायला वेळ लागला. ‘गेल्या वेळी तिला मारलं ते तो वाचावा म्हणून. आता मारलं असतं तर तो काय सांगतो ते ऐकायला मारलं असतं.’ मग म्हणाली, ‘आणि सर, ती एकदा मेलीय माझ्या हातून. परत तसंच करायचं म्हणजे ते नाटक झालं असतं.’

‘पण मग लेबेडेव्ह मेला.’

‘होय की,’ ती म्हणाली. ‘ते बी माझ्यामुळंच.’

ह्यावर मी पुष्कळ विचार केलाय आणि तिचं पूर्णपणे पटतं असं नाही. नैतिक बाजूनं बघितलं तर तिनं एक निःशस्त्र माणूस मरू दिला, आणि का, तर स्वतःचा हेतू स्वच्छ राहावा म्हणून. हे मी तिला बोललोही. पण गेम बनवायला बसलेल्या माणसाच्या बाजूनं बघितलं तर ती एका वाक्यात जे बोलून गेली ते मला वर्षभरात क्लासमध्ये शिकवता आलं नसतं. पुढे काय होणार ते माहीत नसताना जे हातून घडतं ती निवड. माहीत झाल्यावर तीच कृती खरेदी होते: इतकं दिलं, तितकं मिळालं. गेम बनवणाऱ्यानं तिन्ही वाटा कितीही कष्टानं लिहिल्या तरी खेळणाऱ्याला त्या तिन्हींच्या किमतीचं कोष्टक समोर दिसलं की संपलं.

वडगावच्याचं नेमकं तेच झालं होतं. त्यानं घरी जाऊन यूट्यूबवर सगळं बघितलं होतं, सुरुंगाची शिडीसुद्धा. विमानात शिरायच्या आधी त्यानं दारात दोन सुरुंग पेरून ठेवले, अ‍ॅना आल्या आल्या उडाली, त्याला ओरखडाही नाही. लेबेडेव्हचं सगळं बोलणं त्यानं ऐकलं. माझ्या वहीत त्याच्या त्या बैठकीची नोंद दीड ओळीची आहे. त्यालाही सांगण्यासारखं काही नव्हतं. ‘झालं, सर. बेस्ट वालं झालं.’

उद्यमबागवाल्याची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते विमानाइतकीच मोलाची. त्यानं लेबेडेव्हला अ‍ॅनाच्या सांगण्यावरून लगेच मारलं. वरिष्ठानं सांगितलं, विषय संपला. जॉब कार्डवर जे लिहिलंय ते करायचं, त्याच्यात काय एवढं. पुढे न्यूयॉर्कमधल्या एका पडक्या हॉटेलात पॉल भेटतो. त्याची अवस्था वाईट आहे, आणि युनॅटकोची माणसं खोलीवर चाल करून येत आहेत. पॉल सांगतो, तू खिडकीतून जा, माझं मी बघतो. दादानं खिडकीतून उडी मारली. पुढे पकडला गेल्यावर एका भूमिगत तळाच्या दवाखान्यात त्याला पॉलचं प्रेत सापडलं.

तो खुर्चीवरून उठून कट्ट्यावर आला आणि माझ्याशी भांडला. ‘त्यानंच सांगितलं होतं जा म्हणून! मी सांगितल्यासारखं केलं, आणि मेला कसा?’ पॉलचं न ऐकता थांबलं, सैनिकांशी झुंजलं आणि खिडकीऐवजी दारातून बाहेर पडलं तर पॉल वाचतो आणि पुढे हाँगकाँगला भेटतो, हे मी सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता. गेमनं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. ‘म्हणजे ऐकायचं नव्हतं,’ तो म्हणाला. सोमवारी त्याची पहिली शिफ्ट होती. पुढच्या शनिवारी आला तेव्हाही त्याचा विषय तोच.

खानापूरचीनं पॉलला वाचवलं. काठीनं. तीन बैठका गेल्या त्यात.

गणपतीत दोन शनिवार बुडाले. त्या काळात मी ह्या गेमची बनवण्याची साधनं उघडून बसलो, कारण मला मुळात एक व्यावहारिक प्रश्न सोडवायचा होता: 243 शेवट. कंपनीनं ही साधनं खुली केलेली आहेत. त्यात दिसतं की हा सगळा खेळ हो-नाही अशा नोंदींवर चालतो. त्यांना फ्लॅग म्हणतात. लेबेडेव्ह मेला का, अ‍ॅना मेली का, खेळणारा बायकांच्या स्वच्छतागृहात शिरला का. प्रत्येक पात्राचं संभाषण सुरू होण्याआधी हे झेंडे तपासतं आणि त्याप्रमाणे दोन वाक्यं बदलतं. गोष्टीचा हमरस्ता जवळपास तोच राहतो. पॉल वाचला काय, मेला काय, जेसी पकडला जातोच. अ‍ॅना विमानात मेली नाही तर पुढे मुख्यालयातून पळताना दारात आडवी येते. फांद्या फुटतात आणि परत खोडाला मिळतात, पण वाटेतला प्रत्येक माणूस तुम्हाला ओळखून बोलतो. स्वच्छतागृहाच्या त्या प्रसंगाला लेखकाचे दोनचार संवाद लागले असतील. आमच्या पोराला तो अजून आठवतो.

उलट शेवट बघा. डेउस एक्सचे शेवट तीन आहेत. मॉर्गन एव्हरेट ह्या म्होरक्याबरोबर जाऊन इल्युमिनाटी ह्या गुप्त संघटनेला सत्तेवर बसवा, हेलिऑस नावाच्या कृत्रिम बुद्धीत मिसळून जा, किंवा हाँगकाँगच्या ट्रेसर टाँगचं ऐकून सगळं जागतिक जाळंच बंद पाडा आणि जगाला अंधारयुगात ढकला. तिन्ही एरिया 51 ह्या गुप्त लष्करी तळावरच, शेवटच्या टप्प्यात. आधी तुम्ही कुणाला मारलंत, कुणाला वाचवलंत, ह्याचा त्यांच्याशी संबंध नाही. वडगावच्यानं सेव्ह परत परत उघडून एका शनिवारात तिन्ही बघितले. 2003 साली दुसरा भाग आला तेव्हा खुद्द बनवणाऱ्यांनीच तिन्ही शेवट थोडे थोडे झाले असं धरून गोष्ट पुढे नेली. ज्याला सगळे ‘मोठा निर्णय’ म्हणतात तो असा सगळ्यात स्वस्त निघाला. माझं मत असं की शेवटांची संख्या जाहिरातीवर छापायला बरी, बाकी ती मोजूच नये.

ह्या अभ्यासातल्या उणिवा मला माहीत आहेत. लाईट जाणं हा प्रयोगाचा भाग नव्हता. आज्जी बोलली नसती तर पहिला सुरुंग पडला असता का, सांगता येत नाही, आणि दुसऱ्या वेळी आज्जी नव्हती. मी मागं बसलेला होतो. मुलगी काहीही करताना ‘सर बघतायत’ हे तिच्या डोक्यात असणारच. इंग्रजी संवाद ती मनात मराठी करून समजून घेत होती आणि अ‍ॅनाच्या बोलण्यातला उपरोध दोनदा तिच्या हातून निसटला. एका मुलीच्या दोन शनिवारांवरून नियम काढता येत नाही. मीही काढत नाही. फक्त कार्डशीट परत गुंडाळून ठेवली.

आमच्या स्वतःच्या गेमचा पहिला तुकडा गोडो इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये, तयार होतोय. कोगनोळीजवळची नाकेबंदी, साल ठरलेलं नाही, खेळणाऱ्याच्या पिशवीत औषधं. ड्रोन खाली येतो आणि नाव विचारतो. वडगावच्यानं आधी तिथं पट्टी टाकली होती: ‘मराठीत उत्तर द्या / कन्नडमध्ये उत्तर द्या.’ आता पट्टी काढली आहे. तुम्ही ज्या भाषेत तोंड उघडाल त्याचा झेंडा लागतो, एवढंच. पुढे निपाणीच्या चहावाल्यापासून बेळगाव स्टँडवरच्या हमालापर्यंत तीन-चार माणसं वेगळं बोलतात. दादाचं म्हणणं की ड्रोननं ‘जा’ म्हटलं तरी थांबणाऱ्यालाही काहीतरी मिळालं पाहिजे. ते कसं करायचं ह्यावर सध्या भांडण चालू आहे.

खानापूरचीचं प्रकरण दिवाळीच्या आधीच्या शनिवारी पुरं झालं. ती मुख्यालयातून पळत होती. अ‍ॅना जिवंत होती, कारण तिनंच तिला जिवंत ठेवली होती, आणि आता ती बाहेरच्या दाराशी उभी होती. ह्या यांत्रिक एजंटांच्या डोक्यात एक परवलीचा शब्द बसवलेला असतो, तो कानावर पडला की ते मरतात. अ‍ॅनाचा शब्द मुख्यालयातल्या दोन कॉम्प्युटरांत अर्धा अर्धा ठेवलेला आहे. मुलीनं दोन्ही अर्धे शोधले होते. अ‍ॅनाशी बोलायला गेल्यावर पडद्यावर उत्तरांची यादी आली, आणि त्यात तो शब्दही होता. इथं मात्र गेमनं विचारलं.

तिनं बराच वेळ यादी वाचली. मग शब्द निवडला. फ्लॅटलँडर वूमन. अ‍ॅनाला कळतं आपलं काय झालं ते, आणि ती फुटते.

मुलगी मागं टेकली. ‘सुरुंग बरा होता,’ ती म्हणाली.

बैठक संपत आली होती, सेव्ह करायची वेळ. ती करेना. ‘सर, आज लाईट जाणार नाही काय?’

मी टेबलाखाली बघितलं. यूपीएसला नवी बॅटरी बसवून महिना झाला होता, हिरवा दिवा लागलेला होता. ते तिलाही दिसत होतं. शेडमध्ये माग चालू होते. तिनं सेव्ह केलं आणि बॅग उचलली.

दारात आज्जीनं अडवलं. ‘ती बाई ऱ्हायली काय गं?’

‘नाही, आज्जी.’

‘आनि ते शरण आल्यालं?’

‘ते तर आधीच,’ ती म्हणाली, आणि बस चुकू नये म्हणून पळाली.